पावसाळ्यात सिएम रीपला आईला घेऊन जावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गणपती विसर्जन झालं की सप्टेंबरअखेर आईसोबत कंबोडियातल्या सिएम रीपला पाच दिवस जायचा विचार आहे. हे दिवस तिथल्या कमी गर्दीचे, हॉटेलं स्वस्त. आईचं वय ६८, गुडघे जेमतेम साथ देतात. पण अंगकोर वाट मंदिराच्या भिंतीवरचं समुद्रमंथन डोळ्यांनी बघायचंय, हा तिचा कित्येक वर्षांचा ध्यास.

तिथे पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो म्हणतात. मंदिर मात्र पश्चिमाभिमुख, म्हणजे दर्शनी बाजूवर चांगलं ऊन दुपारीच. आई म्हणते, फोटो राहू दे, आपण सकाळीच जाऊ. समुद्रमंथनाचं शिल्प पूर्वेच्या ओवरीत आहे, वर छप्पर आहे, त्यामुळे भिजायची भीती नाही. मला काळजी आहे ती ओल्या दगडी पायऱ्यांची आणि शेवाळाची. सगळ्यात वरच्या मजल्याचा उभा जिना तर आम्ही सोडूनच दिलाय.

अंगकोरच्या मंदिरांचा तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, म्हणून एखादा दिवस पावसात गेला तरी चालेल. पण ता प्रोम मंदिरात झाडांच्या मुळांमधून चालताना वयस्कर माणसाला आधार मिळतो का? दिवसभरासाठी टुकटुक बरी की गाडी? तोनले साप तलावाचं पाणी तेव्हा चढलेलं असतं, होडीत चढउतार जमेल का?

आणि तिथला प्चुम बेन, आपल्या पितृपक्षासारखा, त्याच सुमारास येतो. त्या दिवसांत खाणावळी बंद असतात का? आई पूर्ण शाकाहारी आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.