इन्व्हर्टर आहे, पण सिलिंडरही हवाच
‘घरी इन्व्हर्टर असला की वीज गेली तरी ऑक्सिजन काँसन्ट्रेटरची (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणाऱ्या यंत्राची) चिंता नाही’ असं काही जण म्हणतात, म्हणून हिशेब मांडते. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारं यंत्र साधारण ३५० वॅट खातं. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी नवी असली तरी जेमतेम तीन-चार तास. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो, त्यानं छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो.

१५०० लिटर ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटरने सुमारे १२ तास पुरतो. व्हॉल्व्ह उघडायची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. अंधारात नेमकी तीच सापडत नाही. घाबरून ऑक्सिजनचा प्रवाह मनाने वाढवू नका, सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या) रुग्णाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. आणि ऑक्सिजनने आग भडकते, म्हणून कृपा करून तिथे मेणबत्ती नको, टॉर्चच.