प्रायव्हेट व्हर्च्युअल म्हणजे विहिरीला कुलूप नव्हे

कातळफूल, रत्नागिरी:
काल इथे सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेवरच्या चर्चेत खाडीपल्याड यांनी ठोकून दिलं, "बेस क्लास प्रायव्हेट व्हर्च्युअल घेतला की विषय संपला, खालच्या पिढीला तो कधीच दिसत नाही." वर त्याला अंगठ्यांची रांग. रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहितोय.

समजा बेस क्लास (म्हणजे ज्या साच्यापासून बाकीचे क्लास वारसा घेतात तो) विहीर, तिच्यात पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुलं, फंक्शन पाणी(). थोरला हा क्लास तिला प्रायव्हेट व्हर्च्युअल घेतो, धाकटा पब्लिक व्हर्च्युअल. प्रायव्हेट म्हणजे त्या वाटेने पुढच्यांना बंद; व्हर्च्युअल म्हणजे वाटा कितीही असल्या तरी बेसची प्रत एकच. नातू दोघांचाही पब्लिक वारस. नातवाने पाणी() मागितलं तर? मिळतं. व्हर्च्युअल असल्यामुळे विहीर एकच, आणि तिच्याकडे जायच्या अनेक वाटा असतील तर त्यातली सगळ्यात मोकळी धरायची, हा सी प्लस प्लसचा नियमच आहे. थोरल्याने अडसर घातला म्हणून धाकट्याचं परसदार बंद होत नाही.

खाडीपल्याड:
साहेब, धाकटा तुम्ही मुद्दाम घुसवलात. मी एकट्या थोरल्याबद्दल बोलत होतो. आमच्याकडे असला धाकटा कोड रिव्ह्यूतच मेला असता.

कातळफूल:
बरं, धाकटा मेला. व्हर्च्युअल बेस बांधतो कोण? सगळ्यात खालचा क्लास, म्हणजे नातू. जी विहीर त्याला "कधीच दिसत नाही" ती खणतोय तोच! कन्स्ट्रक्टरला, म्हणजे ऑब्जेक्ट बांधणाऱ्या फंक्शनला, विहीर किती खोल ते सांगायचं म्हणून त्याने इनिशियलायझर यादीत (बेस कसा बांधायचा ते लिहायची जागा) विहीर(५) लिहिलं की एरर, कारण ते नाव थोरल्यातून शोधलं जातं आणि तिथे ते प्रायव्हेट. आधी दोन कोलन लावून ::विहीर(५) लिहा, मुकाट चालतं. या दोन कोलनपायी माझा एक अख्खा शनिवार गेलाय, मॅनेजर पाठीशी उभा, आणि इकडे घरी आंबा उतरवायला माणूस नाही.

सुरंगी:
कोडचं तुमचं तुम्ही बघा. पण "परसदार बंद होत नाही" हे कोणी सांगितलं? आमच्या सातबाऱ्यावर विहीर सामाईक. चुलतभावाने गडगा फोडून लोखंडी गेट बसवलं आणि किल्ली घेऊन मुंबईला गेला. मे महिन्यात पोफळी डोळ्यांदेखत वाळल्या. घागरीने मी शिंपणार किती?

खाडीपल्याड:
ताई, राग मानू नका, पण लग्न झालेल्या मुलीने माहेरच्या बागेत...

सुरंगी:
मानणार. हिंदू उत्तराधिकार कायद्याची २००५ ची दुरुस्ती वाचा, मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच वाटेकरी. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही. लग्नाचा संबंध आला कुठे? गणपतीत पाच दिवस येऊन कायदा शिकवू नका.

बांगडो, मालवण:
गो, मामलेदाराकडे अर्ज कर. १९०६ चो मामलेदार कोर्टांचो कायदो आसा, वाट अडवली तर तो मोकळी करून देता. पण सहा महिन्यांच्या आत व्हयो. माझ्या बापाशीन "भाव आसा, सोडतलो" म्हणान सात महिने काढल्यान आणि हातची वाट घालवल्यान.

खाडीपल्याड:
धागा कशाचा होता? असो. कम्पाइल करून पाहिलं, तुमची दोन्ही उदाहरणं खरी निघाली, फोडा नारळ. पण त्याच नातवाला थोरल्याच्या रेफरन्समध्ये धरून, म्हणजे थोरला म्हणून वापरून, पाणी() मागितलं तर सरळ एरर. म्हणजे थोरल्याच्या शब्दाला किंमत आहे की नाही?

कातळफूल:
आहे, त्याच्या वाटेपुरती. खरंच कुलूप हवं तर विहिरीचा कन्स्ट्रक्टरच प्रायव्हेट करा आणि थोरल्याला फ्रेंड, म्हणजे प्रायव्हेट गोष्टी वापरायची मुभा असलेला. मैत्री वारशाने उतरत नाही. नातवाला विहीर बांधता येत नाही, म्हणून त्याचा ऑब्जेक्टच होत नाही. २०११ च्या आधी लोक हीच युक्ती वापरायचे, आता थोरल्यावर फायनल (म्हणजे यापुढे वारस नाही) लिहिलं की झालं.

खाडीपल्याड:
हेच काल मी लिहिलं असतं तर त्यावरही निबंध आला असता.

सुरंगी:
बांगडो, गेट १० फेब्रुवारीला बसलं.

बांगडो:
आज ४ ऑगस्ट. उद्या सकाळची पयली एस्टी धर.