एनके पेशी की सीडी८ टी पेशी? एकेका पेशीच्या आरएनए माहितीवरून वर्गीकरण

प्रश्न
नमस्कार. टेन-एक्स जीनोमिक्स या कंपनीने खुली केलेली, एका निरोगी दात्याच्या रक्तातील सुमारे २,७०० पेशींची आरएनए माहिती (प्रत्येक पेशीत कोणत्या जनुकांचा आरएनए किती आहे याची नोंद) मी अभ्यासते आहे. एमएस४ए१ जनुकावरून बी पेशी आणि सीडी१४ व एलवायझेडवरून मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सहज वेगळ्या झाल्या. मात्र एका क्लस्टरमध्ये, म्हणजे सारख्या पेशींच्या गटात, एनकेजी७ हे जनुक सर्वत्र ठळक असूनही टी पेशींची खूण असलेले सीडी३डी काही पेशींतच आढळते. एनके की सीडी८ टी, या क्लस्टरला कोणते नाव द्यावे? शिवाय टी पेशींच्या सर्वांत मोठ्या क्लस्टरमध्ये सीडी४ फारच तुरळक आहे, हे कसे?

उत्तर १
एनकेजी७ मारक पेशींच्या कामाशी जोडलेले जनुक असल्यामुळे ते एनके (नैसर्गिक मारक) आणि मारक सीडी८ टी या दोन्ही पेशींत भरपूर असते. त्यावरून जात ठरवू नये. तेवढाच क्लस्टर वेगळा काढून पुन्हा विभागा आणि सीडी३डी, सीडी३जी व सीडी८बी या टी पेशींच्या खुणा एकत्र पाहा. सीडी८ए काही एनके पेशींतही असते, म्हणून माझा भर सीडी८बीवर असतो. ही तिन्ही नसून केएलआरएफ१ आणि जीएनएलवाय असतील, तर एनके म्हणायला हरकत नाही. गॅमा-डेल्टा टी पेशींसाठी (टी पेशींचा एक वेगळा उपप्रकार) टीआरडीसी पाहिले जाते, परंतु त्याचा आरएनए एनके पेशींतही सापडतो, तेव्हा तिथे विशेष जपावे.

उत्तर २
सीडी४चे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर मुबलक असले तरी त्याच्या आरएनएच्या प्रती थोड्या असतात, आणि या पद्धतीत पेशीतील आरएनएचा काही अंशच हाती लागतो. त्यामुळे शून्य नोंद म्हणजे जनुक बंद, असे मानता येत नाही. उलट मोनोसाइटमध्ये सीडी४ दिसले, तरी ते खरेच असते. सीडी३डी व आयएल७आर आहेत आणि सीडी८बी नाही, असा क्लस्टर बहुतांशी सीडी४ टी पेशींचा समजावा. सीसीआर७ असल्यास तो नव्या, अननुभवी पेशींकडे झुकतो. फ्लो सायटोमेट्रीतील (पृष्ठभागावरील प्रथिनांवरून पेशी ओळखण्याच्या पद्धतीतील) सीडी४५आरए आणि सीडी४५आरओ हा अननुभवी व अनुभवी पेशींचा भेद मात्र येथे मिळणार नाही, कारण दोन्ही पीटीपीआरसी या एकाच जनुकाची रूपे आहेत आणि आरएनएच्या शेवटच्या टोकाच्या वाचनात ती सारखीच दिसतात. त्यासाठी प्रतिपिंडांनी प्रथिनेही मोजणारी, २०१७ साली आलेली साइट-सीक पद्धत लागते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. पुन्हा विभागल्यावर सीडी८बी असलेला भाग स्पष्टपणे वेगळा झाला. मात्र काही मोजक्या पेशींत सीडी३डी आणि एलवायझेड दोन्ही ठळक आहेत.

उत्तर १
त्या पेशींतील एकूण आरएनए आणि जनुकांची संख्या तपासा. दोन्ही आकडे शेजारच्या पेशींपेक्षा बरेच जास्त असतील, तर एरवी एकेक पेशी वेगळी ठेवणाऱ्या सूक्ष्म थेंबांपैकी एकाच थेंबात टी पेशी आणि मोनोसाइट एकत्र अडकल्याची शक्यता मोठी आहे. अशा जोड्या वगळूनच पुढे जावे. त्यांना नव्या प्रकारचे नाव देऊ नये.