हेलिओस कशामुळे कोसळलं: अपुरं गणित की चुकीच्या जागी वजन?

पवनमापी:
26 जून 2003 ला हवाईतल्या काउआई बेटाजवळ नासाचं मानवरहित सौर विमान हेलिओस उड्डाणानंतर अर्ध्या तासात समुद्रात पडलं. चौकशीत दोन मूळ कारणं निघाली: विश्लेषणाच्या पद्धती अपुऱ्या होत्या आणि वजनाची मांडणी बदलली होती. सगळे पहिलंच धरून बसतात. माझ्या मते दुसरं मोठं. 75 मीटरच्या त्या पंखात वजन टोकापासून टोकापर्यंत पसरलेलं होतं, म्हणून इतका हलका स्पार, म्हणजे पंखाच्या आतला लांब कणा, पुरायचा. 2001 मध्ये ते असंच 96,863 फुटांवर गेलं. 2003 मध्ये मधोमध हायड्रोजनपासून वीज बनवणारा सुमारे 235 किलोंचा फ्युएल सेल आणि बाहेरच्या बाजूंना 75-75 किलोंच्या हायड्रोजन टाक्या टांगल्या. मग पंख वाकणारच.

ताणबिंदू:
असहमत. रात्र काढायची तर ऊर्जा सोबत न्यावीच लागते. वजन पसरवायला टाक्या वाढवाव्यात, तर टाक्या जितक्या जास्त, तितके व्हॉल्व्ह, सांधे आणि गळती वाढते. त्याआधीच्या 7 जूनच्या उड्डाणातही फ्युएल सेलच्या नळ्या गळल्याच होत्या.

दोष गणिताचाच. हवेच्या खळबळीत पंख वर वाकले आणि वाकलेलेच राहिले. टोकं वर गेली की नाक वर-खाली होण्यातलं जडत्व बदलतं. मग प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत गेला, वेगाने मर्यादा ओलांडली आणि पंखाच्या वरचं आवरण उखडलं. थोड्या वाकलेल्या पंखाचं रेषीय गणित हे दाखवतच नाही. प्रत्येक वाकासाठी स्थिरता वेगळी काढावी लागते, तीही झोताचा मारा धरून.

रनवे_09:
दोघांच्याही बोलण्यातून चाचणीचा क्रम सुटतोय. आधी टाक्यांऐवजी तेवढंच खोटं वजन, तेही टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर तीन वेगांना एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीचा) छोटा झटका द्यायचा आणि झोका किती वेळात विरतो ते मोजायचं. विरायला वेळ जास्त लागू लागला की तिथेच थांबायचं. टोकांची उंची जमिनीवरच्या पायलटच्या पडद्यावर सतत हवी.

आणि धोका कमी उंचीवरच असतो. ताशी 40 किमी म्हणजे सेकंदाला 11 मीटर. त्यात सेकंदाला 2 मीटरचा उभा झोत आला की अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन, 10 अंशांनी बदलतो! बेटाच्या आडोशाला जिथे वारे एकमेकांना घासतात, तिथून चढायचंच कशाला?

ताणबिंदू:
क्रम मान्य, पण कमी वाकलेल्या पंखाला झटका देऊन जास्त वाकलेल्या पंखाचा रोग सापडत नाही. मुद्दाम तेवढा वाकवून बघायची सोयही नाही. लहान प्रतिकृतीचाही भरवसा नको. एनएएल या भारतीय विमान-संशोधन संस्थेने 2024 मध्ये कर्नाटकातल्या चल्लकेरेला 12 मीटर पंखांचं सौर विमान, मोठ्याची लहान प्रतिकृती, उडवलं, उत्तमच झालं. त्यातून ऑटोपायलट आणि ऊर्जेचा हिशेब पक्का होतो. मोठा पंख कसा वाकेल हे मात्र लवचिकताही त्याच प्रमाणात उतरवली असेल तरच कळतं.

पवनमापी:
म्हणूनच म्हणतो, जे नीट मोजता येत नाही ते विमानात आणूच नये. झेफिर हे मानवरहित सौर विमान 2022 मध्ये 64 दिवस हवेत राहिलं, ते सौर पत्रे आणि बॅटरीवर. बॅटरीचे सेल पंखभर वाटता येतात, टाकी नाही.