मदत हवी आहे: आलेख शिकवण्याची जबाबदारी गणित विभागाने उचलायची, पण वेळापत्रकात कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच पाठ 'गतीचे नियम'. म्हणजे जूनमध्येच अंतर-काल आलेख. निर्देशक भूमिती मात्र गणित भाग २ मध्ये सातवं प्रकरण, ते यायला दुसरं सत्र उजाडतं. तोवर मुलं आलेख फळ्यावरून नुसता उतरवून घेतात. भूगोलाच्या रेषालेखातही तीच गत.

सगळ्यात चिवट चूक प्रमाणाची. काळ ०, २, ५, १० सेकंद आणि अंतर ०, ४, १०, २० मीटर दिलं की मुलं हेच आकडे अक्षावर समान अंतराने लिहितात. एकाच अक्षावर असं केलं तर रेषा वाकते, निदान चूक दिसते तरी. दोन्ही अक्षांवर केलं तर या उदाहरणात रेषा सरळच येते आणि पूर्ण गुण मिळून जातात! (उदाहरण निवडताना हे बघाच.)

विचार असा आहे: गणिताच्या शिक्षकांनी जूनमध्येच चार तासिका घ्यायच्या. प्रमाण लिहिण्याची एकच पद्धत, 'X-अक्ष: १ सेमी = २ सेकंद', तिन्ही विषयांनी पाळायची.

अडतंय ते इथे. या चार तासिका कोणाच्या वाट्यातून काढता? तिन्ही विषयांच्या शिक्षकांना आठवड्यातून एक सामाईक ऑफ तासिका कुणी जमवली आहे का? आणि परिणाम मोजायला तिन्ही विषयांत एकच चाचणी घ्यावी, की ज्याची त्याने? कुणाकडे नियोजनाचा तक्ता असेल तर कृपया टाका.