पैलू पाडणे आधी शिकावे की प्रतवारी?

नवशिका (प्रश्न): नमस्कार. मला हिऱ्याला पैलू पाडणे आणि हिऱ्यांची प्रतवारी करणे, ही दोन्ही कामे शिकायची आहेत. वजन, रंग, शुद्धता आणि कट यांची पुस्तकी माहिती मी मिळवली आहे. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम आणि रंगाची श्रेणी डीपासून झेडपर्यंत, इथपर्यंत अडचण नाही. परंतु हिऱ्याहून कठीण काहीच नसेल, तर त्याच्याच भुकटीने तो झिजतो कसा, हे मला उमगलेले नाही. शिवाय सुरुवात हिरे घासण्याच्या चकतीपाशी बसून करावी की भिंग हाती घेऊन, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

चकतीवरचा: तुमच्या पहिल्या शंकेतच या कामाचे मर्म आहे. हिऱ्याचे काठिण्य सर्व दिशांना सारखे नसते. स्फटिकाच्या घनपृष्ठाला समांतर असलेला पैलू एका दिशेने घासला तर झिजतो. तोच 45 अंशांनी वळवला की चकती नुसती कर्कश आवाज करते आणि पैलू आहे तसाच राहतो. अष्टफलकाच्या पृष्ठाला अगदी समांतर असा पैलू तर जवळजवळ घासताच येत नाही, म्हणून आखणी करतानाच तो काही अंश कलता धरावा लागतो. भुकटीतले कण मात्र कसेही पडलेले असतात. त्यांतल्या काहींची कठीण बाजू हिऱ्याच्या मऊ दिशेला भिडते आणि काम तेच कण करतात. बिडाच्या चकतीवर तेलात कालवलेली ही भुकटी चोळतात आणि चकती मिनिटाला सुमारे 3000 फेरे घेते. ती मऊ दिशा कानाने आणि बोटांनी ओळखणे हेच पहिले शिक्षण होय. जुळा स्फटिक असेल तर एकाच पैलूच्या मध्यावर दिशा बदलते आणि तिथे मुरलेल्या कारागिराचीही परीक्षा होते.

गोल ब्रिलियंट या प्रचलित घाटाला 57 पैलू असतात: वर 33 आणि खाली 24, तळाचे टोक सपाट केल्यास 58 होतात. शिकाऊ व्यक्तीने खालचे आठ मुख्य पैलू सारखे पाडण्यावरच दीर्घ काळ घालवावा. त्यांतला एक जरी जास्त खोल गेला, तरी त्याच्याशी मेळ घालण्यासाठी उरलेले सातही पुन्हा घासावे लागतात आणि वजन विनाकारण जाते. खालचा कोन साधारण 41 अंशांच्या आसपास ठेवतात. तो फार कमी झाला तर वरून पाहताना टेबलाच्या, म्हणजे वरच्या सर्वांत मोठ्या सपाट पैलूच्या, आत करडे वर्तुळ दिसते, आणि फार वाढला तर मध्यभाग काळवंडतो. अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 साली 40.75 आणि 34.5 अंश हे खालचे व वरचे कोन गणिताने मांडले. आजही चर्चा तिथूनच सुरू होते. माझे मत विचाराल, तर आधी चकती.

दहापट: वरील तांत्रिक विवेचन मान्य आहे, परंतु क्रम मला पटत नाही. कच्च्या हिऱ्याचे निम्मे किंवा त्याहूनही अधिक वजन घासण्यात जाऊ शकते. काय गमवायचे आणि काय राखायचे, हा निर्णय प्रतवारी समजल्याशिवाय घेता येत नाही. एखादा डाग काढण्यासाठी वजन सोडावे, की तो गर्डलजवळ, म्हणजे वरच्या व खालच्या भागांमधील कडेजवळ, ठेवून वजन वाचवावे, हे ठरवणारा आधी पारखी असला पाहिजे.

शुद्धता दहापट भिंगाखाली ठरते आणि तिच्या अकरा श्रेणी आहेत. पाहण्यापूर्वी हिरा नीट पुसावा, कारण नवख्यांना धूळ हाच दोष वाटतो. तसेच आतला एकच ठिपका अनेक पैलूंत प्रतिबिंबित होऊन अनेक ठिपक्यांचा भास निर्माण करतो. रंगासाठी हिरा त्याच्या टेबल-पैलूवर उपडा ठेवून बाजूने पाहतात, कारण सरळ ठेवल्यास त्याची चमक फिकट पिवळी छटा झाकून टाकते, आणि प्रमाणित नमुना हिऱ्यांशी ताडून मगच श्रेणी देतात. ही पद्धत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका या संस्थेने 1953 साली रूढ केली. एवढे करूनही दोन सक्षम पारख्यांत एका श्रेणीचा फरक पडू शकतो, कारण हे बहुतांशी मोजमाप नसून निरीक्षणावर आधारलेला निर्णय आहे. गंमत अशी, की गर्डलवरचे केसासारखे बारीक तडे किंवा पैलूवरची जळाल्याची पांढुरकी छटा दिसली, की कारागिराने घाई केली हे आम्हाला लगेच कळते.

नवशिका: दोघांचेही आभार. संगणकावर आखणी आणि लेझरने कापणी होत असताना हाताचे कौशल्य कितपत उरले आहे? आणि सराव काचेवर किंवा झिरकोनियावर (हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यावर) केला तर चालेल का?

चकतीवरचा: यंत्र स्फटिकाचे त्रिमितीय चित्र देऊन अनेक पर्याय सुचवते, निवड माणूस करतो. लेझरमुळे फोडण्याचा धोका मात्र खरोखरच कमी झाला. 3106 कॅरटचा कलिनन हा कच्चा हिरा 1908 साली फोडण्यापूर्वी त्याचा कित्येक महिने अभ्यास करावा लागला होता. झिरकोनियावर कोन आणि सममिती यांचा सराव उत्तम होतो, परंतु त्याला हिऱ्यासारखी कठीण-मऊ दिशा नसल्याने मुख्य धडा राहूनच जातो. त्यासाठी हलक्या प्रतीचे खऱ्या हिऱ्याचे तुकडेच घ्यावेत, आणि प्रत्येक तुकडा घासण्यापूर्वी व घासल्यानंतर तोलून नोंद ठेवावी.

दहापट: त्याच नोंदीत घासण्यापूर्वी दिसलेले दोष रेखाटून ठेवावेत, आणि काम झाल्यावर त्यांतले कोणते उरले ते भिंगाखाली ताडून पाहावे.