म्हशीचं पोट उभ्यानं आणि डावीकडूनच का उघडतात?

सदाभाऊ_मिरज: नमस्कार. दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस आठवडाभर वैरणीला तोंड लावत नाही. रवंथ बंद, उठताना कण्हते, कोपरं बाहेर काढून उभी राहते. डॉक्टरांना पोटात तार असल्याचा संशय आहे. डाव्या भकाळीतून, म्हणजे बरगडी आणि कमरेच्या हाडामधल्या खळग्यातून उघडू, म्हैस उभीच राहू दे, म्हणतात. आबा अडून बसलेत: मावसभावाच्या कुत्रीची पिशवी पोटाखालून काढली, तशी म्हैसही आडवी पाडून करा. उभं जनावर बिथरणार नाही का?

जुना_पशुवैद्य: सदाभाऊ, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. कुत्रीत मधोमध चिरतात, कारण तिथल्या पांढऱ्या पट्टीतून रक्त कमी जातं आणि दोन्ही अंडाशय एकाच छेदातून सापडतात. म्हशीची डावी बाजू जवळजवळ सगळी कोठीपोटानं, म्हणजे चार पोटांतल्या सगळ्यात मोठ्या पोटानं व्यापलेली. भकाळी उघडली की समोर तेच. खालून चिरलं तर एवढ्या पोटाचा भार टाक्यांवर येणार, वर शेणमूत लागणार. आडवी पाडली की पोट फुगतं, श्वास कोंडतो, पोटातलं पाणी तोंडात येऊन फुफ्फुसात जायची भीती.

बिथरण्याचं म्हणाल तर शेवटच्या बरगडीपाशी आणि कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांपाशी नसांजवळ लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध देतात. थोड्या वेळानं ती भकाळी हाताला गरम लागते, म्हणजे भूल बसली.

कातडी, स्नायूंचे तीन थर आणि आतला पातळ पडदा उघडला की कोठीपोटाची भिंत आधी कातडीला चहूबाजूंनी शिवायची, मगच चिरायची. आतला थेंबही पोटात सांडता कामा नये. मग खांद्यापर्यंत हात घालून, वैरण सारत, पुढे खाली जाळीपोटात जायचं, म्हणजे कोठीपोटापुढच्या छोट्या पोटात; गिळलेली तार तिथंच अडकते. तिथली भिंत चिमटीत धरून उचलायची. जिथं ती उचलत नाही, चिकटलेली लागते, तिथं तार चाचपायची. ही तपासणी घाईत करू नये, बारीक तार सहज निसटते.

मानेची शीर फुगलीय का, पुढच्या पायांमध्ये छातीखाली सूज आहे का, हे आजच बघा. असेल तर तार काळजाच्या आवरणात गेली असण्याची शक्यता मोठी, आणि मग ऑपरेशनचा उपयोग सहसा होत नाही.

गोठा_बारामती: दादा, आमच्या गाईचं असंच खोड्यात उभ्यानं झालं. टाके निघेपर्यंत तिला कोरड्या जागी बांधली होती. औषधं चालू असताना दूध डेअरीला घालू नका, किती दिवस ते डॉक्टर सांगतील.

सदाभाऊ_मिरज: शीर फुगलेली नाही, सूजही नाही. पण पाहुण्यांच्या म्हशीला खालून चिरलं होतं, ते कसं?

जुना_पशुवैद्य: तिचा बहुधा छाती-पोटामधला पडदा फाटलेला असणार. म्हशींत हे गाईंपेक्षा जास्त दिसतं. जाळीपोट छातीत सरकतं. तेव्हा आधी डावीकडून कोठीपोट रिकामं करतात, मग एक-दोन दिवसांनी पूर्ण भूल देऊन, उताणी करून, छातीच्या हाडामागून पडदा शिवतात. तुमच्या म्हशीत तसा संशय आहे का, हे डॉक्टरांना आधीच विचारा, म्हणजे त्या तयारीनं येतील. आणि कोठीपोट शिवण्याआधी जाळीपोटात चुंबक सोडायला सांगा. कुट्टीत तारेचे तुकडे येत असतील तर ते पुन्हा येणारच.